कानाला दडा बसला आहे की आतला कान बंद पडला आहे? अचानक येणाऱ्या बहिरेपणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवण तालुक्यातील एका किनारी गावात माध्यमिक शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमधील एका सकाळी माझा डावा कान ऐकेनासा झाला. तेव्हापासून ओळखीचे आणि अनोळखी अनेक जण मला जवळजवळ तेच प्रश्न विचारत आले आहेत, काही स्वतःच्या कानासाठी, तर काही घरातल्या माणसासाठी. मी डॉक्टर नाही. उपचारांच्या काळात तज्ज्ञांना विचारून, वाचून आणि स्वतः भोगून जे समजले ते येथे लिहिले आहे. औषधाचा निर्णय मात्र ज्यांनी कान तपासला आहे त्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

अचानक बहिरेपणा म्हणजे नेमके काय?

वैद्यकीय व्याख्या अशी आहे की ७२ तासांच्या आत, श्रवणतपासणीतील लागून असलेल्या किमान तीन कंपनसंख्यांवर (म्हणजे सुरांच्या तीन उंचींवर) ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक ऐकू येणे कमी झाले, आणि दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात नसून आतल्या कानात अथवा तेथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत असला, तर त्यास हे नाव देतात. ३० डेसिबल ही घट कागदावर लहान दिसते, परंतु तेवढ्याने समोरच्या माणसाचे नेहमीच्या आवाजातील बोलणे कुजबुजीसारखे वाटू लागते. हा त्रास बहुतेक वेळा एकाच कानाला होतो. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, मात्र पन्नाशी-साठीच्या आसपास अधिक आढळतो. अमेरिकेतील आकडेवारीनुसार दर वर्षी एक लाख लोकांमागे ५ ते २७ जणांना तो होतो. म्हणजे आजार दुर्मीळ आहे, परंतु एखाद्या तालुक्यात वर्षाकाठी काही जण निघतील इतपत आहे.

सुरुवातीला कसे जाणवते?

बहुतेकांना झोपेतून उठल्यावर कळते. मला तर उठल्यावरही कळले नाही. सकाळी मोबाइल नेहमीप्रमाणे डाव्या कानाला लावला आणि समोरून काहीच ऐकू येईना, म्हणून मी दोनदा फोन ठेवून पुन्हा लावला आणि रेंज गेली असे समजून चिडले. तिसऱ्या वेळी सहज उजव्या कानाला लावला, तर भाऊ मोठ्याने "अगो, बोल ना!" असे ओरडत होता. त्यानंतर लक्षात आले की कौलांवर पडणारा पाऊस फक्त उजवीकडे पडतो आहे.

अनेकांना त्याआधी कानात 'टप्' असा आवाज येतो, कान भरल्यासारखा वाटतो किंवा त्या बाजूचा गाल बधिर झाल्यासारखा भासतो. दुखत मात्र बहुधा नाही, आणि न दुखणे हीच यातली फसवी गोष्ट आहे. दात दुखला तर माणूस रात्री दहा वाजता डॉक्टरांचे दार वाजवतो, पण न दुखणाऱ्या कानासाठी कोणी शाळेला रजा टाकत नाही. मीही टाकली नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यांच्याच कानाला दडे बसतात. मग हे वेगळे कसे ओळखायचे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कोकणात 'दडे बसले' हा एकच शब्द आपण दहा गोष्टींसाठी वापरतो. आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट उतरताना दडे बसतात, सर्दीत बसतात, नदीत डुंबल्यावर कानातला मळ फुगून बसतात आणि दमट हवेत कानात बुरशी धरली तरीही बसतात. या सर्व प्रकारांत आवाज आत पोहोचण्याची वाट अडलेली असते. घाटातला दडा घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी उघडली की, म्हणजे जांभई दिली किंवा आवंढा गिळला की सुटतो. मळ काढता येतो, बुरशीवर औषध मिळते. अचानक बहिरेपणात वाट मोकळी असते, परंतु आवाज जेथे पोहोचायचा तो आतला कान काम करेनासा झालेला असतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे वाटतात.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून, एका पट्टीत 'हं' असा लांब सूर काढावा आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहावे. बंद वाटणाऱ्या कानात सूर मोठा वाटला, तर बहुधा मळ, पाणी किंवा सर्दी यांसारखा वाटेतला अडथळा असतो. स्वतःच्या चांगल्या कानात बोट घालून हा सूर काढला की तो बोट घातलेल्या बाजूला घुमतो, त्यातलाच हा प्रकार आहे. उलट सूर चांगल्या कानाकडे सरकला, तर आतल्या कानाचा दोष असण्याची शक्यता आहे आणि त्याच दिवशी निघायला हवे. डॉक्टर हीच तपासणी कपाळावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एकच सूर देणारा धातूचा चिमटा, ठेवून करतात. गुणगुणण्यातून केवळ अंदाज येतो. त्यामुळे सूर बंद कानात मोठा वाटला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण कानात मळ असताना आतला कानही बिघडलेला असू शकतो.

माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. ज्या डॉक्टरांकडे मी प्रथम गेले, त्यांना कानात थोडा मळ दिसला आणि त्यांनी मळ मऊ करण्याचे थेंब देऊन पाच दिवसांनी बोलावले. मळ निघाला, पण ऐकू आले नाही. "सूज असेल, उतरेल," असे म्हणून आणखी तीन दिवस गेले. मळ खरोखरच होता, त्यामुळे त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. पण कान स्वच्छ झाल्यावरही ऐकू येत नसेल, तर त्याच क्षणी पुढच्या तपासणीस पाठवायला हवे होते, असे मला आजही वाटते.

किती दिवस वाट पाहावी?

पाहू नये. उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता सर्वाधिक असते, दोन आठवड्यांपर्यंत ती बऱ्यापैकी टिकते आणि त्यानंतर झपाट्याने घटत जाते. तरीही उशीर झाला म्हणून घरी बसून राहणे योग्य नाही, कारण सहा आठवड्यांपर्यंत कानाच्या पडद्यातून औषध देऊन पाहण्याचा मार्ग उरतो. चतुर्थीचे दिवस आहेत, गणपती उठल्यावर बघू, असे म्हणणारे मला निदान तिघे भेटले आहेत.

कोणाकडे जावे आणि तेथे काय तपासतात?

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, आणि शक्यतो जेथे ऑडिओमेट्रीची, म्हणजे यंत्रावर ऐकणे मोजण्याची, सोय आहे तेथे. सिंधुदुर्गात ओरोस येथील, रत्नागिरीत रत्नागिरी शहरातील आणि रायगडात अलिबाग येथील जिल्हा रुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत. चिपळूणच्या बाजूचे लोक डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात जातात. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. निघण्यापूर्वी फोन करून त्या दिवशी तज्ज्ञ व ऑडिओमेट्री दोन्ही उपलब्ध आहेत का, हे विचारून घ्यावे. "कानाला दडे बसले आहेत" असे न सांगता "काल सकाळपासून एका कानाने अचानक ऐकू येत नाही" असे सांगावे. पहिल्या वाक्याला पुढच्या आठवड्याची वेळ मिळते, दुसऱ्याला बहुधा त्याच दिवसाची.

प्रथम दुर्बिणीने कान पाहतात, नंतर ट्यूनिंग फोर्क लावतात आणि त्यानंतर आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री होते. हेडफोनमधून वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे हलके सूर येतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे असते. त्या खोलीत डाव्या कानाची पाळी आली तेव्हा मी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसले होते आणि काचेपलीकडच्या मुलीचा हात मात्र यंत्रावर सारखा हलत होता. ती सूर सोडत होती आणि मला एकही पोहोचत नव्हता. आलेख हातात आला तेव्हा उजव्या कानाची रेघ वरच्या बाजूला सरळ होती आणि डाव्याची ७५ डेसिबलच्या आसपास खाली उतरलेली होती. या आलेखात आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी.

एमआरआय करावाच लागतो का?

बहुतेक तज्ज्ञ करायला सांगतात, आणि ते योग्य आहे. श्रवणाच्या व तोलाच्या नसेवर वाढणारी एक साधी, कर्करोग नसलेली गाठ क्वचित याच रूपाने प्रथम प्रकट होते आणि ती एमआरआयमध्ये दिसते. मात्र ही तपासणी उपचार सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी झाली तरी चालते, त्यामुळे तिच्या तारखेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या थांबवून ठेवू नयेत. या आजारासाठी डोक्याचा साधा सीटी स्कॅन सरसकट करण्याचा फारसा उपयोग नसतो. ढीगभर रक्ततपासण्यांचेही तेच आहे, केवळ लक्षणांवरून संशय असेल त्या कराव्यात.

पण हे झाले कशामुळे?

सुमारे ९० टक्के रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. विषाणूंचा संसर्ग, आतल्या कानाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीतील अडथळा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच कानावर केलेला हल्ला, हे तीन मुख्य तर्क आहेत. कॉक्लिया हा आतल्या कानातील, शंखासारखा अडीच वेटोळ्यांचा अवयव वाटाण्याएवढा असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमनीला दुसरी पर्यायी वाट नसते. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या रुग्णांत गालगुंड, सिफिलिस, मेनिअरचा आजार (आतल्या कानाचा, मधून मधून चक्कर आणणारा विकार), डोक्याला मार, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लाटिन अशी कारणे निघतात. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी.

पंख्याखाली झोपल्याने, थंड पाण्याने न्हाल्याने किंवा कोणाची दृष्ट लागल्याने हे होत नाही. हे मला स्पष्ट लिहावे लागते, कारण रुग्ण आधीच स्वतःला दोष देत असतो आणि भेटायला आलेली प्रत्येक व्यक्ती त्यात भर घालून जाते.

उपचार कोणता? स्टिरॉइडची भीती वाटते.

मुख्य उपचार स्टिरॉइडचाच आहे. प्रौढांना बहुधा प्रेडनिसोलोन, वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम आणि दिवसाला कमाल ६० मिलिग्रॅम, अशा प्रमाणात १० ते १४ दिवस देतात. त्यानंतर मात्रा हळूहळू उतरवतात. गोळ्या सकाळी, खाल्ल्यानंतर घ्यायच्या असतात. मला त्या दिवसांत झोप येत नसे, भूक विचित्र वाढली होती आणि विनाकारण रडू येई. गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात हे सगळे गेले. खारवलेला बांगडा, सुकट, लोणचे आणि पापड यांना या काळात हात आखडता घ्यावा, कारण स्टिरॉइडमुळे अंगात पाणी धरते व रक्तदाब चढतो. मनाने गोळ्या सुरू करणे किंवा मधेच बंद करणे, दोन्ही धोक्याचे आहे. क्षयरोग, पोटातील व्रण, काचबिंदू किंवा गरोदरपण असल्यास ते आधीच सांगावे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की स्टिरॉइडचा पुरावा पोलादी नाही. १९८० पासून याच्या चाचण्या होत आल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही 'पहिल्या दोन आठवड्यांत देता येईल' अशाच शब्दांत बोलतात. तरीही ते दिले जाते, कारण थोड्या दिवसांच्या गोळ्यांचा धोका बहुतेकांसाठी मर्यादित असतो आणि गमावलेला कान परत आणणारे याहून खात्रीचे काही हाताशी नाही. याच सूचनांनुसार विषाणुरोधक औषधे आणि रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. आपल्याकडे मात्र चिठ्ठीवर 'नसेच्या ताकदीची' दोन-तीन औषधे बहुधा असतातच. त्यांचा खर्च झेपत नसेल तर कोणती गोळी खरोखर आवश्यक आहे, असे विचारण्यात संकोच करू नये.

मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत, बंद कक्षात अधिक दाबाखाली शुद्ध प्राणवायू देण्याचा उपचारही मिळतो. तो स्टिरॉइडच्या जोडीने आणि पहिल्या दोन आठवड्यांत, फार तर महिन्याभरात विचारात घेतला जातो. कोकणातून रोज ये-जा करून तो घेणे जवळपास अशक्य आहे.

मला मधुमेह आहे. मग काय?

गोळ्यांनी साखर झपाट्याने वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवून आणि घरी यंत्रावर साखर तपासत राहूनच त्या घ्याव्यात. दुसरा मार्ग म्हणजे कानाच्या पडद्यातून मधल्या कानात स्टिरॉइडचे इंजेक्शन, ज्याचा परिणाम बहुतांशी कानापुरता राहतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५० रुग्णांवरील एका अमेरिकन चाचणीत गोळ्या आणि इंजेक्शने यांचे दोन महिन्यांनंतरचे फळ जवळपास सारखे निघाले. गोळ्यांनी पुरेसा गुण आला नाही तरीही हीच इंजेक्शने देतात.

'कानात सुई' हे ऐकताना जितके भयंकर वाटते तितके ते नसते. पडदा औषधाने बधिर करतात. मला तीन इंजेक्शने दिली गेली. प्रत्येक वेळी क्षणभर सगळी खोली गर्रकन फिरली, नंतर घशात कडू चव उतरली आणि मग अर्धा तास तो कान वर करून, न बोलता व शक्यतो आवंढा न गिळता पडून राहावे लागले. त्यानंतर पडदा भरून येईपर्यंत कानात पाणी जाऊ द्यायचे नाही. न्हाताना व्हॅसलिन लावलेला कापूस घालावा.

कोमट खोबरेल, लसणीचे तेल, कांद्याचा रस यांनी बरे झालेले लोक आहेत, त्याचे काय?

माझ्या आतेने पहिल्याच संध्याकाळी वाटी पुढे केली होती. "कोमट तेल घाल, दडे सुटतले." लोक तेलाने बरे होतात असे वाटण्याचे कारण तेलात नाही. या आजारात काहीही न करता, पहिल्या दोन आठवड्यांत ३२ ते ६५ टक्के लोकांचे ऐकणे कमीअधिक सुधारते. त्या दिवसांत जो कोणी जे काही करत असेल त्याला श्रेय मिळते, मग ते तेल असो, अंगारा असो किंवा डॉक्टरांची गोळी असो. ज्यांचे आपोआप सुधारले नाही ते गावभर सांगत फिरत नाहीत. शिवाय तेल आतल्या कानापर्यंत पोहोचतच नाही, पडद्यापाशी थांबते. पडद्याला छिद्र असेल तर ते मधल्या कानात जाऊन संसर्ग होतो, आणि तेलकट कानात, पावसाळी दमट हवेत बुरशी आयतीच धरते. आतेचे मन मोडायचे नसेल तर तेल डोक्याला लावून घ्यावे.

किती बरे वाटते आणि किती काळात?

सुधारणा व्हायची असेल तर ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होते आणि मोठा भाग महिन्याभरात होऊन जातो. तीन महिन्यांनंतर फारसा फरक पडत नाही. काहींचे ऐकणे पूर्ववत होते, काहींचे अर्धवट परतते आणि काहींचे मुळीच नाही. सुरुवातीची घट कमी असेल, जाड आवाजांचे ऐकणे गेले असेल आणि बारीक आवाजांचे टिकले असेल, तर आशा अधिक. घट खूप खोल असेल, सोबत चक्कर असेल किंवा वय जास्त असेल, तर कमी. उपचार संपल्यावर एकदा आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा ऑडिओमेट्री करावी. माझा कान ७५ वरून ४५ डेसिबलपर्यंत आला आणि तेथेच राहिला. समुद्राची गाज ऐकू येते, पण त्या बाजूने कोणी 'सकाळी' म्हटले की 'सहाला' म्हटले ते कळत नाही.

ऐकू येऊ लागले, पण आवाज बेसूर आणि कर्कश वाटतात. बिघडते आहे का?

सहसा नाही. अर्धवट सावरलेल्या कानात एकच सूर वेगळ्या उंचीवर ऐकू येऊ शकतो. आमच्या शेजारच्या देवळात भजनाची तालीम असते. इंजेक्शनांनंतरच्या आठवड्यात मी तेथे बसले असताना पेटीवर पांढरी चार धरलेली होती आणि ती उजव्या कानात जशीच्या तशी, तर डाव्यात थोडी चढून, फाटलेल्या स्पीकरमधून आल्यासारखी येत होती. दोन पेट्या एकमेकींशी भांडताहेत असे वाटून मी उठून आले. सुमारे दोन महिन्यांत हा फरक बराच मिटला. स्टीलचे ताट पडणे, कुकरची शिट्टी, वर्गातला एकदम उठलेला गलका हे आवाज त्या कानाला टोचतात, कारण हलके आवाज पोहोचत नसले तरी मोठे आवाज एकदम मोठे होऊनच पोहोचतात.

कानात सतत आवाज येतो. तो जाईल का?

या आजारात बहुतेकांना तो येतो. कोणाला रातकिड्यांसारखा, कोणाला लांबवर चाललेल्या लाँचच्या इंजिनासारखा. ऐकणे सुधारले तर तो बहुधा कमी होतो, आणि नाही सुधारले तरी काही महिन्यांत मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पूर्ण शांततेत तो मोठा वाटतो, म्हणून रात्री पंख्याचा किंवा हलक्या रेडिओचा आवाज असू द्यावा. तो खात्रीने घालवणारी गोळी नाही. तशी जाहिरात करणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

चक्करही येते आहे. घाबरण्यासारखे आहे का?

तोल सांभाळणारे अवयव कॉक्लियाला लागूनच असल्यामुळे अनेकांना सोबत चक्कर आणि उलट्या होतात. काही दिवसांत हे ओसरते, आणि नंतर तोलाचे व्यायाम शिकवले जातात. परंतु बहिरेपणाबरोबर चेहरा एका बाजूला वाकडा होणे, बोबडे बोलणे, एकाची दोन दिसणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा उभेच न राहता येणे यांपैकी काहीही असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी कानाच्या डॉक्टरांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केल्यानंतर ऐकू येईनासे झाले, तर?

पाण्यात १० मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. वरच्या काही मीटरांतच बदल सर्वांत झपाट्याचा असल्याने उथळ डाइव्हमध्येही कान दुखावतात. बहुतेकदा इजा मधल्या कानाला होते आणि ती भरून येते. पण नाक दाबून फार जोर लावला तर आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटून त्यातील द्रव गळू शकतो. पाण्यातून आल्यावर ऐकू येणे कमी झाले, कानात आवाज येऊ लागला आणि गरगरले, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे, पुन्हा पाण्यात उतरू नये, जोराने नाक शिंकरू नये, जड उचलू नये आणि उशी उंच घेऊन पडावे. सर्दी असताना डाइव्ह करू नये हे प्रशिक्षक सांगतात. आगाऊ पैसे भरलेले पर्यटक ते ऐकत नाहीत.

लहान मुलांना होते का?

होते, पण मूल सांगत नाही. एक कान चांगला असेल तर ते खेळते, बोलते आणि घरात कोणालाच कळत नाही. गालगुंडानंतर एका कानाचे ऐकणे जाणे हे यातले जुने, ओळखीचे कारण आहे. शिक्षिका म्हणून माझे निरीक्षण असे की हाक मारल्यावर मूल नेहमी चुकीच्या दिशेला वळत असेल किंवा फोन ठरावीक कानालाच लावत असेल, तर तपासून घ्यावे.

ऐकणे परतले नाही तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो का?

थोडेफार ऐकणे उरले असेल तर नेहमीच्या श्रवणयंत्राचा होतो. मी वापरते, वर्गात सतत आणि घरी क्वचित. कान पूर्ण गेला असेल तर त्या बाजूचा आवाज बिनतारी पद्धतीने चांगल्या कानाकडे पाठवणारे यंत्र किंवा हाडातून आवाज नेणारे यंत्र मिळते. त्यांनी डावीकडचे बोलणे कळते, पण आवाज कोठून आला हे ओळखण्याची शक्ती परत येत नाही, कारण त्यासाठी मेंदूला दोन कानांतला फरक लागतो. तेवढे साधू शकते ते कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र. २०१९ मध्ये अमेरिकेने एका बाजूच्या बहिरेपणासाठीही त्यास मान्यता दिली, पण त्याचा खर्च लाखांत जातो. यंत्र घेण्यापूर्वी काही दिवस वापरून पाहू द्या असे दुकानदाराला सांगावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तेथे तपासणी व सल्ला मिळतो.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का?

एका कानासाठी अपेक्षा ठेवू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या व्याख्येत दोन्ही कानांतील ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट धरलेली आहे. यावर माझी तक्रार आहे, पण कायदा तसा आहे.

घरच्यांनी काय करावे?

आधी नाव घेऊन हाक मारावी, समोर यावे आणि मग बोलावे. टीव्ही चालू ठेवून स्वयंपाकघरातून प्रश्न विचारू नये. 'जाऊ दे, काही नाही' हे वाक्य टाळावे. सांगण्यासारखे काही नव्हते तर तोंड का हलले, असा प्रश्न ऐकू न आलेल्या माणसाच्या मनात दिवसभर राहतो. 'बहिरी'वरून होणारे विनोद पहिल्या महिन्यात तरी नकोत.

रुग्णाला स्वतःलाही जागा निवडायला शिकावे लागते. माझा डावा कान कमी ऐकतो, म्हणून एसटीत मी डावीकडच्या खिडकीशी बसते, म्हणजे शेजारचे माणूस उजव्या कानाला मिळते. जेवणाच्या पंगतीत डावीकडचे टोक गाठते. रस्त्यावर, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालते, कारण हॉर्न ऐकू येतो पण कोणत्या बाजूने आला ते कळत नाही, आणि वळून पाहीपर्यंत गाडी अंगावर आलेली असते. चांगला कान उशीत घालून झोपले की कौलांवरचा पाऊससुद्धा अर्धा बंद होतो. एवढी एकच सोय या आजाराने केली आहे.

गणपतीत ढोल-ताशे आणि डीजे चालू असतात. जावे का?

आता एकच कान पूर्ण शाबूत असल्याने त्याला जपावे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत सहन करण्याजोगा धरतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. मिरवणुकीत १०० डेसिबल सहज ओलांडले जातात, तेथे हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घालावे आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभे राहावे. कापसाने काही होत नाही. आरतीला, फुगडीला आणि भजनाला मी जाते.

पुन्हा होण्याची भीती असते का?

ज्यांचे कारण सापडत नाही त्यांना पुन्हा होणे असामान्य आहे. ऐकणे वरखाली होत राहिले आणि मधून मधून गरगरून चक्कर आली, तर मेनिअरच्या आजाराचा विचार होतो. दुसरा कानही जाऊ लागला, तर प्रतिकारशक्तीच्या विकाराचा. दोन्हींत पहिला ऑडिओमेट्रीचा कागद डॉक्टरांना हवा असतो आणि तो बहुतेकांकडे सापडत नाही. माझे तिन्ही आलेख रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत आहेत, आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो आहेत. थर्मल कागदावर छापलेला असेल तर फोटो लगेच काढावा. माझ्या पहिल्या आलेखावरची डाव्या कानाची रेघ दोन पावसाळ्यांत पुसट होत चालली आहे.